न्याहारी महागली, करमर्यादा मात्र २०१०चीच

टोरांटोच्या उपनगरांत पहाटे फास्ट फूडच्या दुकानांसमोर जी रांग लागते, तीत गोदामाच्या पाळीवर निघालेले कामगार, टॅक्सीचालक आणि शिकता शिकता नोकरी करणारे विद्यार्थी असतात. मुंबईत वडापाव आणि चहाचे जे स्थान, तेच येथे कॉफी आणि अंड्याच्या सँडविचचे. ही स्वस्त न्याहारी आता स्वस्त राहिलेली नाही.

याची काही कारणे उघड आहेत. सप्टेंबर २०२२ मध्ये कॅनडात किराणा मालाची वार्षिक महागाई ११.४ टक्क्यांवर पोहोचली; १९८१ नंतरचा तो उच्चांक होता. पुढे महागाईचा वेग मंदावला, पण चढलेले भाव उतरले नाहीत. फेब्रुवारी २०२५ मध्ये अरेबिका कॉफीच्या दराने जागतिक बाजारात पौंडामागे चार अमेरिकी डॉलरचा टप्पा ओलांडला.

दर्जाचा प्रश्न मात्र महागाईहून जुना आहे. १९६४ मध्ये हॅमिल्टन येथे सुरू झालेल्या टिम हॉर्टन्सने २००३ च्या सुमारास दुकानातच डोनट बनवण्याची पद्धत सोडून, कारखान्यात अर्धवट तयार करून गोठवलेला माल दुकानांत पाठवण्यास प्रारंभ केला. माल सर्वत्र सारखा झाला, पण ताजेपणा गेला, ही ग्राहकांची तक्रार तेव्हापासूनची आहे. २०२१ मध्ये याच कंपनीने न्याहारीच्या सँडविचसाठी ताजी अंडी फोडून वापरण्याचा निर्णय जाहीर केला, यावरून त्या तक्रारीचे वजन लक्षात यावे.

परंतु एका कारणाची चर्चा फारशी होत नाही. ते म्हणजे कर. ऑन्टारियोत तयार खाद्यपदार्थांवर १३ टक्के एचएसटी आहे. एकूण खरेदी चार डॉलरपर्यंत असेल, तर त्यातील प्रांताचा आठ टक्के वाटा माफ होतो आणि केवळ पाच टक्के कर लागतो. जुलै २०१० मध्ये एचएसटी लागू झाला तेव्हाही ही मर्यादा चार डॉलरच होती. त्यानंतरची सर्वसाधारण महागाई धरली, तर आज ती साडेपाच डॉलरच्या आसपास असायला हवी होती.

या गोठलेल्या मर्यादेचा परिणाम साध्या हिशेबातून दिसतो. ३.९५ डॉलरच्या न्याहारीचे करासह ४.१५ डॉलर होतात. दुकानदाराने भाव दहा सेंटने वाढवून ४.०५ केला, की बिल ४.५८ वर जाते. भाववाढ दहा सेंटची. ग्राहकाच्या खिशातून जातात ४३ सेंट. कॉफी आणि सँडविच एकत्र घेतले, तर आज ही मर्यादा सहज ओलांडली जाते. म्हणजे गरिबाच्या न्याहारीसाठी ठेवलेली सवलत कायद्यात आहे, पण न्याहारीला ती मिळत नाही.

मर्यादा वाढवणे अशक्य आहे, असेही नाही. ऑन्टारियोचे किमान वेतन २०१० मध्ये ताशी १०.२५ डॉलर होते. आता दरवर्षी महागाईनुसार ते बदलण्याची तरतूद असून १ ऑक्टोबर २०२५ पासून ते १७.६० झाले. १४ डिसेंबर २०२४ ते १५ फेब्रुवारी २०२५ या काळात तर केंद्र सरकारने उपाहारगृहांतील खाण्यावरचा कर तात्पुरता उठवलाच होता. दोन महिन्यांच्या अशा सवलतीपेक्षा चार डॉलरची मर्यादा महागाईशी कायमची जोडणे अधिक उपयोगाचे ठरेल. कॉफीचा जागतिक भाव ऑन्टारियोच्या हाती नाही. ही मर्यादा मात्र आहे, आणि आपल्या भागातील आमदाराकडे तिच्याविषयी विचारणा करणे प्रत्येक मतदाराला शक्य आहे.