बाली की तारकर्ली? आधी भाचीला विचारा

मार्च संपत आला की तुमच्या फॅमिली ग्रुपवर एका रात्री काकूचा मेसेज पडतो, "यंदा मे महिन्यात सगळे मिळून समुद्रावर जाऊया का?" त्यावर धडाधड अंगठे येतात, मामा हात जोडलेला इमोजी टाकतात (का, ते त्यांनाच माहीत), आणि मग कुणीतरी तुम्हाला टॅग करतं. घरात सगळ्यात जास्त वेळ फोनवर तुम्ही असता. एरवी त्यावरून बोलणी खाता, पण ट्रिप ठरवायची वेळ आली की तेच तुमचं क्वालिफिकेशन. तुम्हालाही बरं वाटतं. सेव्ह केलेल्या रील्स उघडता आणि बाली, क्राबी, मालदीव, अंदमान, तारकर्ली असे पर्याय टाकून पोल लावता.

त्या पोलमध्ये घरातल्या सगळ्यात लहान माणसाला मत नसतं. आणि अख्खी ट्रिप चालते ती त्याच्याच झोपेवर, पोटावर आणि मूडवर.

मीही हे काम केलंय. दोन वर्षांपूर्वी एसवायची परीक्षा संपली होती. घरचे दहा जण, त्यात ताईची तीन वर्षांची मुलगी आणि दादाचा सात वर्षांचा मुलगा. मी रत्नागिरी जिल्ह्यातला एक किनारा निवडला. नाव सांगत नाही, कारण चूक त्या किनाऱ्याची नव्हती. रीलमध्ये ड्रोन शॉट होता: लांबलचक वाळू, मागे सुरूची रांग आणि दूरवर एकही माणूस नाही. खाली लिहिलेलं 'अनटच्ड'. मला वाटलं, बास, हेच.

एकही माणूस नाही, याचा अर्थ तिथे पोचल्यावर कळला. टॉयलेट नाही. शहाळंवाला नाही. जीवरक्षक नाही, धोक्याची पाटी नाही, फोनला रेंज नाही. आजी गाडीतच बसून राहिली, कारण वाळूपर्यंत जायचं तर दगडांवरून उतरायचं होतं. आम्ही बाकीचे पाण्याकडे पळालो. पुतण्या गुडघाभर पाण्यात उभा होता आणि मी शूट करत होते. लाट परत जाताना त्याच्या पायाखालची वाळू घेऊन गेली. तो बसला, घसरला, आणि पुढची लाट त्याच्या अंगावरून गेली. दादाने झेप घेऊन त्याचा टी-शर्ट पकडला. सगळं मिळून दहा सेकंद असतील. ती क्लिप अजून माझ्या फोनमध्ये आहे. त्यात वहिनीचा आवाज आहे. मी ती डिलीट केलेली नाही आणि पुन्हा बघितलेलीही नाही.

वरच्या वाटेने एक आजोबा गुरं घेऊन चालले होते. ते थांबले आणि म्हणाले, "ह्या अंगाला आम्ही पण उतरत नाही. पोरं आहेत तर पलीकडच्या वाडीपाशी जा, तिथं उथळ आहे." पलीकडची वाडी तीन किलोमीटरवर होती. मी एका माणसाला एक फोन करून विचारलं असतं तर हे कळलं असतं. वहिनी रात्रीपर्यंत माझ्याशी बोलली नाही. बरोबरच होतं तिचं.

तेव्हापासून ठिकाण ठरवताना मी रील शेवटी बघते. सगळ्यात आधी उघडते कॅलेंडर.

शाळकरी मुलांना मोठी सुट्टी दोनदाच, मे महिन्यात आणि दिवाळीत. म्हणजे निम्मं ठिकाण शाळेनेच ठरवलेलं असतं. आता बघा, समुद्रकिनाऱ्यांच्या गरम देशांमध्ये 'सीझन' हा प्रत्येक बाजूचा वेगळा असतो. केरळात पाऊस साधारण १ जूनला येतो हे आपण लहानपणापासून बातम्यांत ऐकतो, पण त्याआधी तो अंदमानात उतरलेला असतो, बहुतेक वेळा मेच्या तिसऱ्या आठवड्यात. त्यामुळे मेअखेरीला अंदमानचं स्वस्त तिकीट मिळालं तर ते स्वस्त का आहे ते ओळखा. समुद्र खवळला की बेटांमधल्या फेऱ्या रद्द होतात आणि तुम्ही दोन लहान मुलं घेऊन हॉटेलच्या खोलीत पत्ते खेळता. दिवाळीतही तिथे सुटका नाही, कारण तेव्हा परतीच्या पावसानंतरचा ईशान्य मोसमी पाऊस तामिळनाडूसोबत अंदमानातही पडत असतो.

थायलंडचंही तेच. फुकेत आणि क्राबी हे अंदमान समुद्राच्या बाजूला, तिथे पाऊस मे ते ऑक्टोबर. को सामुई दुसऱ्या बाजूला, थायलंडच्या आखातात, तिथे ऑक्टोबर ते डिसेंबर ओला. एकाच देशात, एकाच महिन्यात एक किनारा चालू आणि दुसरा बंद. श्रीलंका तर याचं सगळ्यात भारी उदाहरण. मे महिन्यात सगळे पॅकेजवाले दाखवतात ते बेंटोटा, गॉल, मिरिसा हे नैऋत्येचे किनारे, आणि पाऊस नेमका तिथेच येतो. तेव्हा कोरडा आणि शांत असतो तो पूर्व किनारा: त्रिंकोमालीजवळचं निलावेली, किंवा त्याच्या दक्षिणेला पासिकुडा, जिथे पाणी बरंच आत जाईपर्यंत उथळ राहतं. फक्त कोलंबोहून तिथे जायला रस्त्याने पाच-सहा तास लागतात, हे ताईला आधी सांगा.

बाली आणि मॉरिशस विषुववृत्ताच्या खाली. बालीत एप्रिल ते ऑक्टोबर कोरडा काळ, म्हणजे आपली मेची सुट्टी त्यात बरोब्बर बसते. मॉरिशसमध्ये मेपर्यंत वादळांचा मोसम सरत आलेला असतो आणि उकाडाही उतरलेला असतो. आपल्या कोकणात मात्र मे म्हणजे घामाच्या धारा. दहा ते चार मुलांना वाळूवर नेऊ नका, पाय भाजतात. आणि मेच्या शेवटी वॉटर स्पोर्ट्स आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या पावसाळ्यासाठी बंद होतात. कोकणात जायचं तर महिन्याचा पहिला पंधरवडा बघा. आंबेही तेव्हाच.

दुसरी गोष्ट: घराच्या दारापासून पाण्यापर्यंत किती तास? फ्लाइट किती तासांची ते नको. नाशिकहून मुंबई, विमानतळावरचे दोन-अडीच तास, मग विमान, कदाचित चेन्नईला बदलून, श्रीविजयपुरम म्हणजे जुनं पोर्ट ब्लेअर, तिथे रात्र, मग जेट्टी, मग स्वराज द्वीपपर्यंत दोनेक तासांची फेरी, मग रिक्षा, आणि मग राधानगरचा किनारा. तिथे पोचता तेव्हा अंधार पडायला लागलेला असतो, कारण घड्याळ आपलंच असलं तरी सूर्य बराच पूर्वेकडे आहे. हिवाळ्यात पाच-सव्वापाचलाच सूर्यास्त. कॉलेजच्या ग्रुपसोबत हा प्रवास म्हणजे धमाल. तीन वर्षांच्या मुलीसोबत तो दोन उलट्या, एक हरवलेली चप्पल आणि एक न झालेली दुपारची झोप असतो. मालदीवच्या रीलमध्ये सी-प्लेन दिसतं, पण ते फक्त दिवसाउजेडी उडतं हे दिसत नाही. तुमचं विमान संध्याकाळी उतरलं आणि रिसॉर्ट लांबच्या बेटावर असलं, तर पहिली रात्र मालेजवळच काढावी लागते आणि तिचा खर्च वेगळा.

म्हणून माझा एक हट्ट आहे आणि त्यावर मी ग्रुपवर भांडते: एकच मुक्काम. 'पाच रात्री, चार ठिकाणं' हे पॅकेज मोठ्यांना पैसे वसूल झाल्यासारखं वाटतं. लहान मुलाला जागा ओळखीची व्हायलाच एक दिवस जातो. दुसऱ्या दिवशी त्याला माहीत असतं की मांजर कुठे बसतं, नळ कुठे आहे, वाट कुठून समुद्राकडे जाते. तिसऱ्या दिवशी ते तिथलं राजा असतं. आणि नेमकं तेव्हाच आपण बॅगा भरायला घेतो!

पाण्याचं काय? इथे मी थोडी कडक होणार आहे. किनारा 'सुंदर' आहे हे पुरेसं नाही, पाणी कसं आहे ते विचारा. बालीतच कुटा आणि सेमिन्याक हे उघड्या महासागराचे किनारे, सर्फिंगसाठी प्रसिद्ध, म्हणजेच लाटा आणि आत ओढणारे प्रवाह. सानुर आणि नुसा दुआ इथे प्रवाळाची भिंत लाटा बाहेरच अडवते, पाणी शांत. नावं सगळी बालीचीच, पण सात वर्षांच्या मुलासाठी हे दोन वेगळे समुद्र आहेत. मॉरिशस कुटुंबांना आवडतं ते याचसाठी, बेटाभोवती जवळपास सगळीकडे प्रवाळाचं कडं आहे आणि आत उथळ, संथ पाणी. (तिथे मराठी माणसंही आहेत बरं का. एकोणिसाव्या शतकात मजूर म्हणून गेलेल्यांची ही पुढची पिढी, आणि गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. 'कोकण तर नेहमीचंच' म्हणून नाक मुरडणाऱ्या आत्याला हे सांगा. कोकणातून गेलेल्यांच्या नातवंडांच्या बीचवर सेल्फी काढायला ती लाखभर रुपये मोजायला तयार आहे.)

आपल्याकडे गोव्यात बहुतेक किनाऱ्यांवर जीवरक्षक आणि झेंडे असतात. लाल झेंडा दिसला की पाण्यात जायचं नाही, यात चर्चा नको. कोकणात अशी सलग व्यवस्था प्रत्येक किनाऱ्यावर नाही, म्हणून तिथे गावातल्या माणसाला विचारणं हाच नियम. "लहान मुलं कुठे उतरतात?" एवढंच विचारा. आणखी एक, अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास भरतीला उधाण असतं. घरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरात ते दिसतं, त्याला अ‍ॅप लागत नाही. आणि दोन मोठ्या लाटांच्या मधली जी गुळगुळीत, शांत पट्टी दिसते ना, पाणी बऱ्याचदा तिथूनच जोरात मागे खेचलं जात असतं. मला हे तेव्हा माहीत नव्हतं. मुलगा पाण्यात असेल तर कुणीतरी मोठं माणूस त्याच्या हाताच्या अंतरावर, रिकाम्या हाताने. फोन गाडीत.

पैशांचं पटकन सांगते. देशातल्या विमानात दोन वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला पूर्ण सीट लागते, त्यामुळे 'लहानच आहे' म्हणून बजेट कमी धरू नका. रेल्वेत पाच वर्षांखाली तिकीट नाही, पण बर्थही नाही, आणि पाच ते बारामध्ये स्वतंत्र बर्थ हवी तर पूर्ण भाडं. रेल्वेचं बुकिंग ६० दिवस आधी उघडतं. मेच्या कोकण गाड्या किती मिनिटांत भरतात ते तुम्हाला सांगायला नको.

आणि आईला विसरू नका. 'किचनसह व्हिला' स्वस्त पडतो आणि फोटोत झकास दिसतो. पण त्या किचनमध्ये उभं कोण राहणार? तुम्ही तर नाही. मग आई, काकू आणि ताई तिथेही पोहे आणि वरण-भात करत बसतात, फक्त खिडकीतून माड दिसतो एवढाच फरक. जेवण देणारं घर शोधा आणि मुलांसाठी बिनतिखटाचं मिळेल का ते आधीच विचारा.

तुम्ही म्हणाल, मग आमचं काय? सुट्टी आमचीही आहे. मान्य. पण क्राबी कुठे पळून जात नाहीये, ते मित्रांसोबत करा, पैसे साठवून, रात्रीच्या बसने, कसंही. फॅमिली ट्रिपचं ठिकाण तुमच्या बकेट लिस्टमधून काढलं की तुम्हीच वैतागता. सगळे तुमच्या स्पीडने चालत नाहीत आणि तुम्ही फोटो काढून देणारे तेवढे उरता. शिवाय मुलांना कशात मजा येईल याचा आपला अंदाज हमखास चुकतो. वेळासला फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात. तळहातापेक्षा लहान पिल्लू वाळूवरून खुरडत पाण्याकडे निघतं आणि एरवी दोन मिनिटं गप्प न बसणारी मुलं श्वास रोखून बघतात. तिथे इन्फिनिटी पूल नाही. राहायचं गावातल्या घरांमध्ये, जेवायचं तिथेच.

यंदा काकूचा मेसेज आला तेव्हा मी पोल लावला नाही. मेचा पहिला आठवडा, चार रात्री, एकच घर, तारकर्ली-देवबागच्या बाजूला, म्हणजे एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला कर्ली नदी. सकाळी मांडवी पकडायची, संध्याकाळपर्यंत कुडाळ. वहिनीने ग्रुपवर एकच ओळ लिहिली, "टॉयलेट किती लांब?" मी फोटो पाठवला, पावलं मोजून. घराच्या मालकांना विचारून मुलं नेमकी कुठे उतरतात तेही लिहून ठेवलं.

मग भाचीला फोन लावला. ती आता पाच वर्षांची आहे. बाली, मालदीव, तारकर्ली सगळं सांगून झाल्यावर ती म्हणाली, "मावशी, तिथे खेकड्यांची घरं असतात का?"

मालकांना विचारलंय. उत्तर आलं की तिकिटं काढते.