वहिवाटीची नोंद आणि यंत्राचा कौल

दक्षिण आफ्रिकेत पीटरमारित्झबर्गच्या उच्च न्यायालयासमोर जानेवारी २०२५ मध्ये एक विलक्षण प्रकार उघडकीस आला. अपिलाची परवानगी मागताना वकिलांनी ज्या नऊ पूर्वनिर्णयांचा आधार घेतला होता, त्यांपैकी दोनच न्यायालयाला सापडले. बाकीचे कोणत्याही न्यायालयाने कधी दिलेच नव्हते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्राकडून ते आयते उचलले असावेत, असे मत नोंदवून न्यायाधीशांनी प्रकरण वकिलांच्या नियामक मंडळाकडे सोपवले. अशा बातमीने करमणूक होते. परंतु खोटा निवाडा हा या यंत्राचा लहान धोका होय. तो पडताळता येतो आणि पकडला जातो. आफ्रिकेतील स्त्रियांना भय वाटावे असे आहेत ते खरे निवाडे.

झिम्बाब्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली मगाया खटल्याचा निकाल दिला. थोरल्या मुलीला वारस मानण्यास न्यायालयाने एकमुखाने नकार दिला आणि वडिलांच्या मिळकतीवर धाकट्या सावत्र भावाचा हक्क मान्य केला. तेथील तत्कालीन राज्यघटनेत भेदभावाला मनाई होती, पण रूढीचा कायदा त्या मनाईतून वगळलेला होता. ही सूट २०१३ च्या घटनेने काढून टाकली. निवाडा मात्र संग्रहात आहेच, आणि त्याच्यामागे तशाच निवाड्यांची दीर्घ रांग आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रे शिकतात ती अशा संग्रहांवर. पूर्वी बहुधा काय झाले, याचा अदमास घेऊन पुढे काय व्हावे हे ती सुचवतात.

आता आफ्रिकेतील स्त्रियांना जे हक्क मिळाले ते कसे मिळाले, हे पाहावे. टांझानियात पास्तोरी खटल्यात वडिलांनी मृत्युपत्राने दिलेली जमीन एका स्त्रीने विकली, तेव्हा कुळाची जमीन विकण्याचा अधिकार स्त्रीला नाही म्हणून पुतण्या न्यायालयात गेला. न्यायमूर्ती म्वालुसान्या यांनी १९९० मध्ये ती रूढी मूलभूत हक्कांच्या सनदेपुढे टिकत नाही असे ठरवले. बोट्सवानात युनिटी डाऊ यांनी नागरिकत्वाच्या कायद्याला आव्हान दिले. परदेशी पुरुषाशी विवाह केलेल्या स्त्रीच्या मुलांना तो कायदा नागरिकत्व नाकारीत होता. राज्यघटनेतील भेदभावाच्या व्याख्येत ‘लिंग’ हा शब्द मुद्दामच गाळलेला आहे, असा सरकारचा युक्तिवाद होता. १९९२ मध्ये अपील न्यायालयाने तो फेटाळला. दक्षिण आफ्रिकेच्या घटना न्यायालयाने २००४ मध्ये भे खटल्यात पुरुषांच्याच ज्येष्ठाधिकाराचा नियम रद्द केला. या निकालांच्या आदल्या दिवशी एखाद्या यंत्राला कौल विचारला असता, तर जुन्या संग्रहाच्या बळावर त्याने कोणाच्या पदरात माप टाकले असते, हे सांगण्यास ज्योतिषी नको. स्त्रियांचे हक्क हे पूर्वनिर्णयांची परंपरा तोडून आलेले आहेत. सरासरी काढणाऱ्याला असा निर्णय अपवाद म्हणूनच दिसणार.

त्याहून खोल प्रश्न आहे तो नोंदीचा. आफ्रिकेतील ‘रूढीचा कायदा’ म्हणून जे छापील स्वरूपात आढळते, त्यातील पुष्कळसा भाग वासाहतिक अधिकाऱ्यांनी गावच्या वृद्ध पुरुषांना विचारून, आणि स्वतःच्या सोयीने, लिहिलेला आहे. नाताळ प्रांतात १८९१ मध्ये कायदा बनलेल्या संहितेने आफ्रिकी स्त्रीला आजन्म अज्ञान ठरवून टाकले. पुढे लोकव्यवहार बदलत गेला. कोठे मुलींना वाटा मिळू लागला, कोठे विधवेने घर राखले. लिम्पोपोतील वालोयी समाजाने तर प्रमुखपद एका स्त्रीला दिले. समाजाला आपली रूढी अशी बदलण्याचा अधिकार आहे, हे घटना न्यायालयाने २००८ मध्ये मान्य केले. पुस्तकातील रूढी व जिवंत रूढी यांत अंतर असते, याची जाणीव तेथील न्यायालयांनी वारंवार दिलेली आहे. यंत्राला हे अंतर दिसावे कसे? जिवंत रूढी गावच्या बैठकीत बोलली जाते, तिचा कागद होत नाही.

अर्थशास्त्रात हा प्रकार जुना आहे. राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशोबात स्त्रीचे पाणी भरणे, सरपण आणणे, मुले वाढवणे मोजले गेले नाही, आणि मग त्या आकड्यांवर योजना आखणाऱ्यांना स्त्री काही उत्पादन करते असे वाटेनासे झाले. नोंद नाही म्हणून अस्तित्व नाही, हा न्याय आता कोर्टकचेऱ्यांत यंत्राच्या द्वारे शिरू पाहत आहे.

मराठी वाचकाला आफ्रिकेतील हा कागदी न्याय सर्वस्वी अपरिचित नाही. मार्च १९१३ मध्ये केप प्रांतात न्यायमूर्ती सर्ल यांनी ख्रिस्ती पद्धतीने न झालेले आणि सरकारदरबारी नोंद नसलेले विवाह अमान्य ठरवले, तेव्हा हजारो हिंदी स्त्रिया कायद्याच्या दृष्टीने पत्नीच उरल्या नाहीत. त्या वर्षीच्या सत्याग्रहात कस्तुरबा आणि इतर स्त्रिया तुरुंगात गेल्या, त्यामागे हे एक प्रमुख कारण होते.

यावर असे म्हटले जाईल की मगाया निकाल यंत्राने नव्हे, पाच माणसांनी दिला. आक्षेप रास्त आहे. न्यायासनावरील माणूस पूर्वग्रहमुक्त असतो असे मानण्याचे काहीच कारण नाही, आणि यंत्राचे नाव काढताच मोर्चा काढणे ही समाजवाद्याची भूमिका असू शकत नाही. निवाडे विनामूल्य खुले करण्याचे मोठे काम आफ्रिकेतील अनेक देशांत चालू आहे. ते शोधून देण्यास, स्वाहिली किंवा हौसा भाषेत समजावण्यास यंत्राचा उपयोग झाला, तर वकिलाची फी न परवडणाऱ्या विधवेचे भलेच होईल. मात्र न्यायाधीशाला कारणे लिहावी लागतात व त्यांवर अपील करता येते. यंत्राची कारणे मालकी हक्काच्या कुलपात असतात.

आणि मालक आफ्रिकेबाहेर आहेत. मूळच्या घानाच्या जॉय बुओलाम्विनी व इथिओपियात जन्मलेल्या टिमनिट गेब्रू यांनी २०१८ मध्ये चेहरा पाहून लिंग ओळखणाऱ्या तीन व्यापारी प्रणाली तपासल्या. त्यासाठी रवांडा, सेनेगल व दक्षिण आफ्रिका आणि तीन युरोपीय देश यांच्या संसद सदस्यांची छायाचित्रे घेतली होती. गोऱ्या पुरुषांबाबत चूक ०.८ टक्क्यापलीकडे गेली नाही. सावळ्या व काळ्या स्त्रियांबाबत ती ३४.७ टक्क्यांपर्यंत पोचली. संसदेत स्त्रियांचे बहुमत असलेल्या रवांडातील सभासद बाईंनाही यंत्र ओळखील याची शाश्वती नव्हती. अशा यंत्राने पोलीस चौकीत काय करावे?

आफ्रिकी संघाने जुलै २०२४ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी खंडव्यापी धोरण संमत केले. पण धोरणपत्राने कोणावर बंधन येत नाही. बंधन आहे ते २००३ च्या मापुतो करारनाम्याचे, जो बहुसंख्य आफ्रिकी राष्ट्रांनी स्वीकारला आहे. त्याचे आठवे कलम स्त्रीला कायद्यापुढे समान संरक्षण देते. तेथील स्त्री-संघटनांनी हेच कलम हाती घ्यावे. वारसा, मुलांचा ताबा, नागरिकत्व व जामीन यांत यंत्राचा कौल निर्णायक नसावा. यंत्र कोणत्या निवाड्यांवर शिकले, हे पक्षकाराला कळावे. आणि ते पक्षपाती नाही हे सिद्ध करण्याचा भार ते आणणाऱ्या सरकारवर असावा. अन्याय झाला हे दाखवण्याची जबाबदारी गावातील बाईवर टाकणे म्हणजे तिला दुसऱ्यांदा बाहेर काढणे होय.

ही मागणी अवास्तव नाही. केनियाच्या उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये राष्ट्रीय ओळखपत्रांचे वाटप अवैध ठरवले. खाजगी माहितीला काय धोका पोचेल याची तपासणी सरकारने आधी केली नव्हती, एवढेच कारण त्याला पुरले. ती तपासणी करून मगच पुढे जा, असा आदेश न्यायालयाने दिला. न्यायालयात यंत्र बसवण्यापूर्वी स्त्रियांच्या हक्कांच्या दृष्टीने अशीच तपासणी झाली पाहिजे, आणि ती यंत्र विकणाऱ्या कंपनीच्या तज्ज्ञांकडे न सोपवता, ज्यांच्या बैठकींचा कागद कधी झाला नाही त्यांना विचारून झाली पाहिजे.