वाघ पाहिले, बोर्डिंग राहिले

आम्ही उर्दू शाळेचे मास्तर. हिवाळा आला की सहल काढतो. इस्लामपूरहून कोल्हापूर जवळ आणि खिशाला परवडणारे. रंकाळा, पन्हाळा, नवा राजवाडा आणि रात्रीपर्यंत घरी.

यंदाही नवा राजवाडा पाहिला. इंग्रज अमदानीतली, मेजर मँटने आराखडा केलेली ही वास्तू 1884 साली पुरी झाली. खालच्या मजल्यावर शाहू संग्रहालय आहे. शस्त्रे, पोशाख, पेंढा भरलेले वाघ. पोरे वाघांपुढून हलेनात. तेवढ्यात सातवीतल्या एका मुलीने विचारले, "सर, इसमें अपना क्या है?"

आम्ही तिघे शिक्षक, तिघेही बी.एड., एकमेकांची तोंडे पाहत राहिलो.

या प्रश्नाची आपल्याकडे दोन ठरलेली उत्तरे आहेत. एक, "कुछ नहीं, चलो आगे." दुसरे, मुसलमान सरदारांची पाठ केलेली यादी. पहिल्याने मूल परके होते. दुसऱ्याने ते तलवारीपाशीच अडकून पडते.

खरे उत्तर त्याच शहरात दसरा चौकात उभे आहे. शाहू महाराजांनी 1906 साली पुढाकार घेऊन सुरू केलेले मुस्लिम बोर्डिंग! 1902 साली त्यांनी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्यांसाठी निम्म्या जागा राखल्या. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी अशा पुढारलेल्या जाती सोडून बाकी सारे त्यात आले, म्हणजे मुसलमानही आले. 1917 साली त्यांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. त्या मुलीचे 'अपना' हे होते. ते काचेच्या कपाटात मावणारे नव्हते, ते सांगायला मास्तर हवा होता. आणि मास्तर गप्प होता. दसरा चौकात आम्ही गाडी थांबवलीच नाही.

दुसरी शरमेची गोष्ट. संग्रहालयातली मराठी पाटी वाचताना आमची मुले अडखळत होती. घरी दखनी, शाळेत उर्दू, हे ठीक. पण ज्या मुलखात जन्मलो, जिथे दफन होणार, तिथली भाषा आम्ही फक्त परीक्षेपुरती शिकवतो. मराठीचा तास गणिताला देऊन टाकणारे आम्हीच.

जुलै 2025 मध्ये आमच्या गावाचे नाव ईश्वरपूर करण्याची घोषणा विधिमंडळात झाली. तेव्हा मोहल्ल्यातल्या चहाच्या टपरीवर आम्ही तावातावाने बोललो की आमचा इतिहास पुसला जातोय. त्या बोलण्यातले दुःख खरे होते, आजही आहे. पण पोरांच्या मनात आम्ही जे लिहिलेच नाही, ते पुसायला कुणाला कष्ट पडतील?

सरकारशी भांडायचे तिथे भांडूच. पण सहलीची वाट ठरवायला कुणाची परवानगी लागते? मराठीचा तास मराठीला द्यायला कोणता जी.आर. हवा?

मास्तर मंडळी, पुढच्या सहलीत पहिला थांबा दसरा चौक. तिथे उभे राहून सारे मराठीत सांगायचे. मग राजवाड्यात जाऊन खुशाल वाघ पाहावेत. त्या मुलीचे उत्तर आमच्यावर कर्ज आहे.