नमुना बर्फात नको, उबेत हवा

रत्नागिरीच्या आरोग्याचा इतिहास कुष्ठरोगाला वगळून लिहिता येत नाही. एकोणिसाव्या शतकात या किनारपट्टीवर कुष्ठरुग्णांची संख्या मोठी होती. दिनशा माणेकजी पेटिट यांच्या नावाचे कुष्ठरुग्णालय शहरात उभे राहिले ते त्याच काळात. पूर्वजन्मीचे पाप म्हणून या रुग्णांना घराबाहेर काढले जाई. त्यांच्या आजारामागे जंतू आहे, हे १८७३ मध्ये नॉर्वेच्या हान्सेन यांनी दाखवले. मुंबई इलाख्यातील डॉ. हेन्री व्हॅनडाइक कार्टर त्याच वर्षी नॉर्वेला जाऊन आले आणि इथे त्यांनी तो अभ्यास पुढे नेला.

त्यानंतर सुमारे शतकभराने लेप्रोमॅटस कुष्ठरोगाच्या काही रुग्णांच्या रक्तात थंडीत गोठणारी प्रथिने सापडली. त्यांना क्रायोग्लोब्युलिन म्हणतात. अमेरिकेत विंट्रोब आणि ब्युएल यांनी १९३३ मध्ये मायलोमा या रक्ताच्या कर्करोगाच्या एका रुग्णाच्या रक्तात ती प्रथम पाहिली होती. हे नाव १९४७ मध्ये लर्नर आणि वॉटसन यांनी दिले. १९७४ मध्ये ब्रुए आणि सहकाऱ्यांनी त्यांचे तीन प्रकार पाडले. पहिला प्रामुख्याने रक्तपेशींच्या कर्करोगाशी जोडलेला, तर उरलेले दोन ‘मिश्र’ प्रकार मुख्यतः दीर्घ संसर्ग आणि स्वप्रतिकार आजारांशी.

ही प्रथिने बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात किंवा त्यांना सूज आणतात. मग पायांवर जांभळे ठिपके उठतात, सांधे दुखतात, तळव्यांना मुंग्या येतात, थकवा जात नाही. काहींची मूत्रपिंडेही निकामी होऊ लागतात. अशी लक्षणे संधिवात किंवा त्वचारोग समजून वर्षानुवर्षे औषधे घेत राहणे सहज शक्य आहे. १९८९ मध्ये हिपॅटायटिस सीचा विषाणू ओळखला गेला आणि मिश्र प्रकाराच्या बहुतेक रुग्णांचे मूळ सापडले. आज तो विषाणू साधारण १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेकांच्या शरीरातून जातो. २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात हे उपचार मोफत आहेत.

औषध आहे, पण निदान अडते ते तपासणीत. क्रायोग्लोब्युलिनच्या चाचणीसाठी रक्त कोमट केलेल्या सिरिंजमध्ये घ्यावे लागते. ते गोठून सीरम वेगळे होईपर्यंत ३७ अंशांवरच ठेवावे लागते. नंतर ते सीरम ४ अंशांवर काही दिवस, शक्यतो आठवडाभर, ठेवतात. तळाशी पांढरा साका बसला आणि उबेत पुन्हा विरघळला, तर चाचणी सकारात्मक. रक्त आधीच थंड झाले, तर ही प्रथिने गुठळीबरोबर खाली जातात आणि अहवाल खोटा निर्दोष येतो. रत्नागिरीतील उकाड्याची दुपारही बहुतेकदा शरीरापेक्षा थंडच असते. त्यामुळे बर्फाच्या डब्यातून मुंबईला निघालेले रक्त इथेच, घाट चढण्याआधी, आपली साक्ष गमावून बसते. असा अहवाल हाती घेऊन रुग्णाला ‘तुम्हाला काही नाही’ असे सांगणे हा अन्याय आहे, आणि तो टाळता येण्याजोगा आहे.

कुष्ठरोगाने या जिल्ह्याला शिकवले की ज्याचे कारण दिसत नाही, त्याचा दोष समाज रुग्णावर टाकतो. ते टाळण्याची साधने आता जिल्ह्यातच आहेत: डेरवणला २०१५ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, रत्नागिरीत २०२३ पासून शासकीय महाविद्यालय आहे. जंतूंच्या वाढीसाठी लागणारा ३७ अंशांचा इनक्युबेटर सूक्ष्मजीवशास्त्र विभागात असतोच. कोमट पाण्याचा थर्मास आणि सीरम उबेत वेगळे करण्याची शिस्त एवढीच भर हवी. या दोन्ही महाविद्यालयांनी ही चाचणी जिल्ह्यातच सुरू करावी. जांभळे ठिपके, सांधेदुखी आणि लघवीतून जाणारी प्रथिने एकत्र दिसली, की तालुक्याच्या डॉक्टरांनी रक्ताचा नमुना मुंबईला न पाठवता रुग्णालाच तिथे पाठवावे, आणि हिपॅटायटिस सीची तपासणीही त्याच दिवशी करून घ्यावी.