उळवीची वाट

बेळगाव, धारवाड, हुबळी, कारवार या भागांत पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांना उळवीचे नाव सांगावे लागत नाही. माघ महिना आला की धारवाड-बेळगावकडील खेड्यांतून सजविलेल्या बैलगाड्या निघतात, वाटेत मुक्काम करीत जोयडा तालुक्याच्या अरण्यात शिरतात आणि माघी पौर्णिमेच्या सुमारास चन्नबसवण्णांच्या रथाला हात लावण्यासाठी उळवीस पोहोचतात. मोटारी झाल्या, रस्ते झाले, तरी गाडीवाटेची ही परंपरा टिकून आहे. वाट चालणे हाच यात्रेचा अर्धा भाग, हे पंढरीच्या वारकऱ्याला आणि कपिलधारेला मन्मथस्वामींच्या समाधीकडे जाणाऱ्या वीरशैव भाविकाला निराळे समजावून देण्याची आवश्यकता नाही.

परंतु हे तीर्थ इतक्या आडरानात का, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. बाराव्या शतकात कल्याण येथे बिज्जळ राजाच्या कारकिर्दीत बसवेश्वरांनी जातिभेदाला आव्हान देणारी चळवळ उभारली. इसवी सन ११६७ च्या सुमारास तेथे मोठा उत्पात झाला, बिज्जळाचा वध झाला आणि शरणांची पांगापांग झाली. बसवेश्वरांची बहीण नागलांबिका हिचा पुत्र चन्नबसवण्णा हा त्यांच्यातील वयाने तरुण, पण ज्ञानाने ज्येष्ठ. परंपरा असे सांगते, की राजसैन्य पाठीवर असताना शरणांचा एक मोठा समुदाय वचनांच्या पोथ्या जिवापाड जपत त्याच्यासह पश्चिमेकडे निघाला आणि सह्याद्रीच्या या दाट रानात विसावला. उळवीला चन्नबसवण्णांची समाधी आहे. आसपासच्या डोंगरांत शरणांच्या वास्तव्याच्या गुहा दाखवितात. त्यांपैकी एकीला अक्कनागम्मांचे नाव आहे. म्हणजे येथे आधी तीर्थ झाले आणि मग भोवती रान उरले, असे नव्हे. आधी रान होते. त्याने आश्रय दिला, म्हणून तीर्थ झाले. उळवीला जाणाऱ्याने हा ऋणानुबंध विसरू नये.

जोयड्याच्या डोंगरात याच जातीची आणखी स्थाने आहेत. दांडेलीकडील जंगलात कवळ्याची गुहा आहे. शेकडो पायऱ्या उतरून, पुढे वाकून व सरपटत आत जावे लागते. चुनखडीच्या पाण्याच्या थेंबाथेंबाने घडलेला स्तंभ तेथे शिवलिंग म्हणून पुजला जातो आणि महाशिवरात्रीला भाविकांची रीघ लागते. कणेरी नदीच्या काठचा सिंथेरीचा अखंड पाषाणकडा सुमारे ३०० फूट उंच आहे. तेथे देऊळ नाही, पण पायथ्याशी उभा राहिलेला मनुष्य आपोआप हळू बोलू लागतो. पश्चिमेकडील कॅसल रॉक हे जुन्या काळी ब्रिटिश आणि पोर्तुगीज मुलखांच्या सीमेवरील रेल्वेस्थानक. तेथून दूधसागरपर्यंत रुळांवरून चालत जाण्याची हौस तरुणांत फार, परंतु रेल्वेने त्यास मनाई केली आहे. बोगदे आणि वळणे पाहता ती योग्यच म्हटली पाहिजे.

याच तालुक्यातील डिग्गीच्या परिसरात काळी नदी उगम पावते आणि सुमारे १८४ किलोमीटर वाहत जाऊन कारवारला सदाशिवगडाच्या पायथ्याशी समुद्रास मिळते. वाटेत तिला पांढरी नावाची नदी भेटते. त्या संगमावर सुपे हे जुने ठाण्याचे गाव होते आणि तालुकाही सुपे याच नावाने ओळखला जाई. आपल्या खेड्यांत शेतजमिनीला काळी आणि वस्तीला पांढरी म्हणतात. सुप्याच्या वाट्याला दोन्ही एकदमच बुडण्याचे दुर्दैव आले. गणेशगुडीजवळ १०१ मीटर उंचीचे धरण बांधण्यात आले. ते १९८७ मध्ये पुरे झाले आणि गाव जलाशयाखाली गेले. तालुक्याचे ठाणे जोयड्याला हलले. विस्थापितांपैकी कित्येकांनी रामनगरला नवी घरे मांडली. तेथे आजही मराठी बोलणारी वस्ती आहे. काळीच्या पाण्यावर निघणाऱ्या विजेने कर्नाटकातील कितीतरी घरे उजळतात. पण त्या दिव्यांच्या मोलात एका गावाची काळी-पांढरी मोडली आहे, हे जलाशयाच्या काठी छायाचित्रे काढताना ध्यानात असावे.

आज पुन्हा तसाच पेच निराळ्या रूपाने उभा आहे. दांडेली अभयारण्य १९५६ पासूनचे, अणशीचे राष्ट्रीय उद्यान १९८७ चे. २००७ मध्ये दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला आणि २०१५ मध्ये त्याला काळी नदीचे नाव देण्यात आले. वाघ, काळा बिबळ्या, गवे, धनेश पक्षी यांचे हे घर राखले पाहिजे, याविषयी दुमत नसावे. परंतु याच रानात कुणबी समाजाच्या लहान लहान वाड्या आहेत. डोंगरउतारावरील त्यांची कुमरी शेती इंग्रजी अमदानीत निर्बंधांत सापडली. पुढे धरण आले, मग अभयारण्य आले. गोव्यातील कुणबी, गावडा आणि वेळीप समाजांना २००३ मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला, पण सीमेच्या अलीकडील जोयड्याच्या कुणब्यांची तीच मागणी कित्येक वर्षे सुरू आहे. मोबदला घेऊन बाहेर जावे, की शाळा-दवाखान्यांची वाण सोसूनही देवराईजवळ राहावे, हा प्रश्न तेथील घराघरांत आहे. त्याचे उत्तर शहरात बसून देण्याचा अधिकार आपल्याला नाही.

मात्र तेथे कसे जावे, हे आपल्या हाती आहे. निवांत भटकंतीसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात जळवा फार, वाटा निसरड्या आणि ओढे केव्हा भरतील याचा नेम नाही. बेळगावकडून खानापूर, लोंढा, रामनगर, गणेशगुडीमार्गे जोयड्याला जाता येते. धारवाडकडून हल्याळ व दांडेली, तर कारवारकडून अणशीचा घाट चढून यावे. राखीव वनातील स्थळांना जाण्यापूर्वी वनखात्याच्या कचेरीत चौकशी करावी. कवळ्याच्या गुहेत मनास येईल तेव्हा जाता येत नाही. मुक्कामासाठी भव्य विश्रामगृहे शोधण्यापेक्षा स्थानिक कुटुंबांनी चालविलेली घरे पाहावीत आणि वाटाड्या गावचाच घ्यावा. कुणब्यांनी जतन केलेल्या कंदांच्या नाना जाती प्रसिद्ध आहेत आणि जोयड्याला त्यांचा मेळाही भरतो. त्या कंदांची भाजी आवर्जून मागावी. आपण दिलेले चार पैसे त्या घरात पडले, तर रानात टिकून राहण्याचे बळ त्या घराला मिळते.

जुन्या यात्रेकरूची काही अलिखित पथ्ये होती. ठरल्या तिथीला जावे, शिधा बरोबर न्यावा, वाटेतल्या माणसाला विचारून पुढे व्हावे, झाडाला उगाच हात लावू नये आणि काम झाले की परत फिरावे. आजचा वनाधिकारी लेखी फलकावर जे सांगतो, ते बहुतांशी हेच आहे. फरक इतकाच, की यात्रेकरू ते श्रद्धेने पाळी आणि आपण दंडाच्या धाकाने पाळतो. गळ्यात कॅमेरा असो की लिंग, पाय उळवीकडे वळोत की केवळ सिंथेरीच्या कड्याकडे, जोयड्यात शिरणाऱ्याने स्वतःला पाहुणा समजावे. आठ शतकांपूर्वी या रानाने संकटात सापडलेल्या परक्यांना ठाव दिला. आता त्या रानाला आणि रानातल्या माणसाला ठाव राहील असे वागणे, ही त्या उपकाराची परतफेड होय. मुलांना तेथे नेणाऱ्या आईवडिलांनी त्यांना वाघ दिसेल की नाही, याचे आश्वासन देऊ नये. ही गोष्ट मात्र अवश्य सांगावी.