अनॉनिमस (हॅक्टिव्हिस्ट चळवळ)

अनॉनिमस (शब्दशः 'निनावी') ही आंतरजालावर उदयास आलेली, नेता, सभासदत्व वा कार्यालय नसलेली हॅक्टिव्हिस्ट चळवळ आहे. संगणक यंत्रणेत शिरून किंवा ती ठप्प करून राजकीय वा सामाजिक निषेध नोंदवणे, यास हॅक्टिव्हिझम म्हणतात. २००८ ते २०१२ हा अनॉनिमसच्या भराचा काळ होय. निनावी राहणाऱ्यास कोणी पकडू शकत नाही, या विश्वासावर ती वाढली. हा विश्वास किती पोकळ होता, हे तिच्या सामान्य अनुयायांना न्यायालयात उभे राहिल्यावर कळले.

पूर्वपीठिका

'हॅक्टिव्हिझम' हा शब्द १९९६ च्या सुमारास अमेरिकेतील 'कल्ट ऑफ द डेड काऊ' या हॅकर गटात रूढ झाला. या गटाचा संकेतस्थळे बंद पाडण्यास मात्र विरोध होता. दुसऱ्याचे बोलणे बंद पाडून अभिव्यक्तिस्वातंत्र्य मागता येत नाही, अशी त्याची भूमिका होती. ही मतभिन्नता पुढेही मिटली नाही.

मे १९९८ मधील पोखरण अणुचाचण्यांनंतर, जूनमध्ये 'मिलवर्म' नावाच्या गटाने मुंबईतील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या संगणकांत शिरून ईमेल पळवले आणि संकेतस्थळावर अण्वस्त्रविरोधी मजकूर लावला. वेगवेगळ्या देशांत राहणारे या गटाचे सदस्य किशोरवयीन होते.

उगम

ऑक्टोबर २००३ मध्ये क्रिस्तोफर पूल या पंधरा वर्षांच्या अमेरिकन मुलाने 'फोरचॅन' हे संकेतस्थळ सुरू केले. तेथे नाव न देता लिहिणाऱ्या प्रत्येकाच्या मजकुरावर 'अनॉनिमस' हेच नाव उमटे. त्यामुळे हे सारे मिळून कोणी एकच व्यक्ती आहे, असा विनोद रूढ झाला. या उपसंस्कृतीत दुसऱ्याच्या फजितीतून मिळणाऱ्या हशाला 'लल्झ' म्हणत. वर्गातल्या मागच्या बाकावरील टवाळीचाच हा प्रकार, परंतु येथे वर्ग जगाएवढा होता आणि शिक्षक नव्हते. त्यात अश्लीलता, वंशद्वेष आणि एखाद्या व्यक्तीचा सामूहिक छळ यांचाही मोठा वाटा होता, हे विसरून चालत नाही.

जानेवारी २००८ मध्ये अभिनेता टॉम क्रूझ याची एक चित्रफीत आंतरजालावर फुटली. ती हटवण्यासाठी चर्च ऑफ सायंटॉलॉजीने कायदेशीर दबाव आणताच या टवाळखोरांनी चर्चविरुद्ध मोहीम उघडली. १० फेब्रुवारी २००८ रोजी अनेक देशांतील शहरांत निदर्शक प्रत्यक्ष रस्त्यावर आले. ओळख लपवण्यासाठी त्यांनी 'व्ही फॉर व्हेंडेटा' या चित्रपटातील गाय फॉक्सचा मुखवटा वापरला. बड्या कंपन्यांविरुद्ध उगारल्या गेलेल्या या मुखवट्याच्या अधिकृत विक्रीतील मानधन मात्र टाइम वॉर्नर या बड्या कंपनीलाच मिळत असे.

ऑपरेशन पेबॅक

या मोहिमेचा आरंभ एका भारतीय कंपनीमुळे झाला. चित्रपटांच्या अनधिकृत प्रती देणारी संकेतस्थळे दाद देत नसल्यास आपण ती ठप्प करतो, असे बंगळूरूच्या एप्लेक्स सॉफ्टवेअरने २०१० मध्ये सांगितले. सप्टेंबरमध्ये अनॉनिमसने तोच उपाय त्या कंपनीवर आणि चित्रपट व संगीत व्यवसायाच्या संघटनांवर उलटवला. डिसेंबरमध्ये विकिलीक्सला देणग्या पोहोचवणे बंद करणाऱ्या पेपाल, मास्टरकार्ड आणि व्हिसा या कंपन्या लक्ष्य झाल्या.

हल्ल्यासाठी 'लो ऑर्बिट आयन कॅनन' ही आज्ञावली वापरली गेली. ती उतरवून घेऊन कळ दाबली की आपला संगणक लक्ष्यावर विनंत्यांचा भडिमार करू लागे. त्यासाठी कोणतेही कौशल्य लागत नसे. परंतु ही आज्ञावली वापरकर्त्याचा आयपी पत्ता लपवत नसे. अनुभवी मंडळींना हे ठाऊक होते. उत्साहाने सामील झालेल्या अनेकांना नव्हते. पेपालने असे पत्ते अमेरिकेच्या एफबीआय या तपास यंत्रणेकडे सोपवले आणि जुलै २०११ मध्ये या हल्ल्याप्रकरणी चौदा जणांवर आरोप ठेवण्यात आले. त्यांच्या समर्थकांनी या कृतीची तुलना धरणे आंदोलनाशी केली. ही तुलना अर्धीच खरी आहे: धरण्यावर बसणारा आपला चेहरा दिसणार आणि अटक होऊ शकते, हे जाणून बसतो.

लल्झसेक

मे २०११ मध्ये अनॉनिमसमधील काही कुशल हॅकरांनी 'लल्झसेक' हा छोटा गट काढला. सोनी पिक्चर्स, अमेरिकेतील पीबीएस ही सार्वजनिक वाहिनी आणि सीआयए यांची संकेतस्थळे त्यांनी लक्ष्य केली. सोनी पिक्चर्सच्या बाबतीत सामान्य ग्राहकांची माहितीही उघड्यावर टाकण्यात आली. यात कोणत्या अन्यायाचा निषेध होता, हे सांगणे कठीण आहे.

पन्नास दिवसांनी, जूनच्या अखेरीस, गटाने विसर्जन जाहीर केले. तोपर्यंत त्याचा म्होरक्या 'साबू', म्हणजे न्यूयॉर्कचा हेक्टर मॉन्सेगुर, ७ जून रोजी पकडला जाऊन एफबीआयचा खबऱ्या बनला होता. हे मार्च २०१२ मध्ये जाहीर झाले. दरम्यान तो साथीदारांशी नित्याप्रमाणे बोलत राहिला. डिसेंबर २०११ मध्ये स्ट्रॅटफॉर या खासगी गुप्तवार्ता कंपनीवर हल्ला करणाऱ्या जेरेमी हॅमंडला दहा वर्षांची शिक्षा झाली. मॉन्सेगुर २०१४ मध्ये आधी भोगलेल्या सात महिन्यांच्या कैदेवर सुटला. ब्रिटनमधील चार तरुणांना मे २०१३ मध्ये शिक्षा सुनावण्यात आल्या. शिक्षांपेक्षाही परस्परांवरील अविश्वासाने चळवळ अधिक पोखरली गेली. मुखवट्याआड मित्र आहे की पोलीस, हे ओळखण्याचे साधन निनावी चळवळीपाशी नव्हते.

भारतातील पडसाद

२०१२ मध्ये चित्रपटांच्या चोरीसंबंधीच्या मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर इंटरनेट कंपन्यांनी काही संकेतस्थळे सरसकट रोखली. मे महिन्यात अनॉनिमसच्या नावाने सर्वोच्च न्यायालय आणि काँग्रेस पक्षाच्या संकेतस्थळांवर हल्ले झाले. ९ जून रोजी मुंबईसह काही शहरांत मुखवटे घालून निदर्शने झाली. त्याच महिन्यात न्यायालयाने रोख विशिष्ट दुव्यांपुरतीच असल्याचे स्पष्ट केले, ते इंटरनेट कंपन्यांनी रीतसर दाद मागितल्यावर. संकेतस्थळ ठप्प करणे भारतात माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ व ६६ खाली येते. त्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

उत्तरकाळ

२०१२ नंतर अनॉनिमसचे नाव कोणीही, कशासाठीही वापरू लागले. फोरचॅनच्याच निनावी फलकावर ऑक्टोबर २०१७ मध्ये 'क्यू' या सहीने क्यूअॅनॉन हे कटकथांचे जाळे सुरू झाले. सत्तेची टवाळी करणाऱ्या जागेतून आता एका सत्ताधीशाची भक्ती पसरू लागली.

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यावर अनॉनिमसने रशियाविरुद्ध 'सायबर युद्ध' पुकारले. त्याच सुमारास युक्रेनचे मंत्री मिखाइलो फेदोरोव्ह यांनी स्वयंसेवकांची 'आयटी आर्मी' उभारण्याचे जाहीर आवाहन केले, तर रशियाच्या बाजूने 'किलनेट' हा गट उतरला. सरकारविरुद्ध सुरू झालेली पद्धत अशा रीतीने सरकारांच्या कामी आली. ऑक्टोबर २०२३ मध्ये रेडक्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या तज्ज्ञांनी युद्धकाळातील नागरी हॅकरांसाठी आठ नियम मांडले. रुग्णालये व मदतकार्य यांवर हल्ला करू नये, हा त्यांपैकी एक. युद्धकृत्यात थेट भाग घेणारा नागरिक हल्ल्यापासूनचे कायदेशीर संरक्षण गमावू शकतो, याकडेही त्यांनी लक्ष वेधले. घरात बसून कळ दाबणारा स्वयंसेवक याला अपवाद नाही.