घराची शोभा

आपले घर सुंदर दिसावे, असे कोणास वाटत नाही? परंतु घराची शोभा ही पैसे मोजून विकत घेण्याची वस्तू आहे, अशी पुष्कळांची समजूत असते. ज्याच्यापाशी पैसा आहे, त्याने उंची गालिचे अंथरावेत. ज्याच्यापाशी तो नाही, त्याने उघड्या भिंतींकडे पाहून सुस्कारे टाकावेत! या समजुतीचा परिणाम मुलांच्या मनावरही होतो. आपले घर लहान आहे, साधे आहे, म्हणून मित्रांना घरी नेण्यास संकोचणारी मुले थोडी नाहीत. हा संकोच अनाठायी आहे. कारण घर खऱ्या अर्थाने सजते ते द्रव्याने नव्हे, हातांनी.

याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्रातच आहे. पालघर जिल्ह्यातील वारली लोकांच्या परंपरागत झोपड्यांच्या भिंती कारवीच्या कुडाच्या असतात. त्यांवर माती व शेण यांचे लिंपण, त्यावर गेरूचा हात आणि त्या तांबूस भिंतीवर तांदळाच्या पिठाने रेखाटलेली शुभ्र चित्रे! बांबूच्या काडीचे टोक ठेचले, की कुंचला तयार होतो. वर्तुळ, त्रिकोण आणि चौकोन अशा साध्या आकृतींतून नाचणारी माणसे, झाडे, पशुपक्षी साकार होतात. लग्नप्रसंगी सुवासिनी भिंतीवर चौक लिहितात. याच परंपरेतील चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांना भारत सरकारने २०११ साली पद्मश्री देऊन गौरविले. ज्या कलेला देशोदेशी मान मिळाला, तिचे मूळ साहित्य काय, तर मूठभर तांदूळ आणि थोडासा गेरू!

गोधडीचेही तसेच. जीर्ण झालेल्या सुती लुगड्यांचे आणि धोतरांचे थर एकावर एक घालावे, वर रंगीबेरंगी तुकडे जुळवावे आणि धावदोऱ्याचे बारीक टाके घालावे, की थंडीत ऊब देणारे आणि दिसण्यासही देखणे असे पांघरूण सिद्ध होते. टाकून द्यावयाच्या वस्त्रांचा तो दुसरा जन्मच होय.

मुलांच्या हातांना साजेशी कामेही पुष्कळ आहेत. बांबूच्या कामट्या, दोरा, पतंगाचा कागद आणि घरी शिजविलेली खळ एवढ्या सामग्रीत दिवाळीचा आकाशकंदील होतो. फाटक्या साडीचे काठ धड असतील, तर त्यांचे दाराला तोरण होते. रिकाम्या बाटलीला सुतळी गुंडाळली, की तीच फुलदाणी बनते. ही कामे केवळ मुलींची, असेही कोणी मानू नये. घर सर्वांचे आहे. तेव्हा ते सजविण्याचा आनंदही सर्वांचाच.

यावर कोणी म्हणेल, की बाजारातील वस्तू अधिक सुबक असते. मग एवढा खटाटोप कशासाठी? बाजारातील वस्तू सुबक असते, हे खरे. पण तिच्यासारख्याच शंभर वस्तू शंभर घरांत टांगलेल्या असतात. घरी केलेला पहिला कंदील कदाचित एका बाजूस कलेल, त्याचा कागद सुरकुतेल. परंतु कामटी कोठे वाकवावी, गाठ कशी मारावी, हे हातांना कळते आणि पुढच्या वर्षीचा कंदील सरळ होतो. विकत घेणाऱ्यास केवळ वस्तू मिळते. करणाऱ्यास वस्तू मिळते आणि विद्याही मिळते.

मात्र सजावट म्हणजे पसारा नव्हे. जेथे केर साचला आहे, जळमटे लोंबत आहेत, तेथे कितीही तोरणे बांधली तरी शोभा येणार नाही. घर झाडून पुसून स्वच्छ करणे हीच पहिली सजावट. तसेच, चांगली वस्तू मोडून निरुपयोगी खेळणे करण्यात कला नाही. टाकाऊ वस्तूस उपयोगी करण्यात ती आहे.

श्रीमंती प्रत्येकाच्या वाट्यास येत नाही. परंतु नीटनेटकेपणा, कल्पकता आणि कष्टाची आवड ही संपत्ती ज्याला हवी त्याला मिळविता येते. ज्या घरात ही संपत्ती आहे, त्या घराच्या भिंती मातीच्या असोत वा दगडाच्या, तेथे पाहुण्याचे स्वागत करताना कोणासही मान खाली घालावी लागणार नाही.